डोक्याच्या आजाराचे टक्के

"साहेब, मला राग लय येतो. त्याचे किती टक्के मिळतील?"

खालापूरकडच्या एका निवृत्त फौजी हवालदाराने मला हे अगदी गंभीरपणे विचारलं होतं. मी काही बोलायच्या आत मागच्या खुर्चीवरून त्याची बायको म्हणाली, "मिळालेच तर माज्या नावावर टाका. राग ह्यांना येतो, पण सोसते मी." हवालदारांना त्याचाही राग आला आणि ते चहा न पिता निघून गेले. पुढच्या आठवड्यात कॅन्टीनच्या कार्डासाठी पुन्हा आले, तेव्हा दोघं जोडीने हसत होती.

माजी सैनिकांसाठी जिल्ह्याचं एक सरकारी कार्यालय असतं. तिथे मी कल्याण संघटक होतो. पद भारदस्त वाटतं, काम मात्र फिरतीचं. फौजेत मी लिपिक होतो, त्यामुळे कागदांची भीती नव्हती. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके माझ्याकडे. कर्जतला आठवड्यातून एक दिवस कचेरीच्या आवारातल्या एका खोलीत बसायचं आणि बाकीचे दिवस मोटारसायकलवर गावोगाव. कुणाच्या विधवेचं पेन्शन अडलेलं, कुणाच्या मुलीच्या नावात चूक, कुणाचं कार्ड हरवलेलं. लोकांना वाटायचं, मी कॅन्टीनची दारू वाटतो. माझ्या सख्ख्या मेव्हण्याचाही तोच समज आहे आणि तो मी अजून दूर केलेला नाही.

या सगळ्यात सगळ्यांत अवघड कामं डोक्याच्या आजाराची. बाहेरच्या माणसाला हे कळावं म्हणून थोडं सांगतो. आजारपणामुळे एखाद्याला फौजेतून घरी पाठवायचं असेल, तर डॉक्टरांचं बोर्ड बसतं. बोर्डापुढे दोन प्रश्न असतात. माणूस किती निकामी झाला, हा पहिला. त्याचं उत्तर टक्क्यांत द्यायचं. आणि तो नोकरीमुळे झाला का, हा दुसरा. साधारणपणे वीस टक्क्यांच्या खाली आलात, तर अपंगत्वाचं पेन्शन नाही. टक्के भरपूर मिळाले, पण आजार नोकरीमुळे नाही असं ठरलं, तरीही नाही. पाय तुटलेल्या माणसाचं हे मोजमाप एक वेळ सोपं. तुटलेला पाय बोर्डाच्या दिवशी मुद्दाम चांगला वागत नाही. डोकं वागतं.

दिनकर आणि सुरेखा या नवरा-बायकोची गोष्ट सांगतो. नावं बदलली आहेत, गावही सांगत नाही. पळसदरीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला आहे एवढं पुरे.

आधी सुरेखा आली, एकटीच. अंगाने बारीक, बोलायला सावकाश. दिनकर फौजेत नायकाच्या हुद्द्यावर होता आणि मानसिक आजारामुळे मुदतीआधी घरी आला होता, एवढं तिने सांगितलं. मला वाटलं पेन्शन अडलं असेल. ती म्हणाली, "पेन्शन येतं. पेन्शनचं काय नाय. हा माणूस बरा व्हतो का, एवढंच विचारायला आले."

असा प्रश्न माझ्या टेबलावर त्याआधी आला नव्हता. मी विचारलं, "घरी नेमकं होतं काय?"

"घराची दारं काढलीत त्यांनी."

मला वाटलं मोडली. ती म्हणाली, "मोडली नाय. नीट काढली. बिजागऱ्या सोडवून गोठ्यात लावून ठेवलीत. आमी बिनदाराचं राहतो."

दोन दिवसांनी मी गेलो. चांगलं विटांचं घर, वर कौलं, पुढे पडवी. चौकटी होत्या, दारं नव्हती. पुढच्या चौकटीला तिने जुन्या साडीचा पडदा केला होता आणि तोही बाजूला सारून बांधलेला. त्यांची लहान मुलगी अंगणात खेळत होती आणि दिनकर पडवीत भिंतीला टेकून बसला होता. मला बघताच उठून सावधान झाला. मी माझा हुद्दा सांगितला, तर म्हणाला, "सब ठीक है साहब." हे वाक्य मी पुढे त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं, की मला त्याची धास्ती वाटायला लागली.

काय घडलं होतं ते त्याने पहिल्या भेटीत सांगितलं नाही. चौथ्या-पाचव्या भेटीत, भाताच्या रोपांना पाणी लावताना, माझ्याकडे पाठ करून सांगितलं. उंचावरच्या एका चौकीत बर्फाचा कडा त्यांच्या झोपडीवर आला. आत तो आणि नेगी नावाचा एक गढवाली. दोघंही गाडले गेले. एकमेकांना दिसत नव्हते, पण आवाज येत होता. नेगी बोलत राहिला. गावातल्या सफरचंदांचं, बहिणीच्या लग्नाचं, कुठल्याशा म्हशीचं. मग त्याचा आवाज बंद झाला. दिनकरला बाहेर काढलं, तेव्हा तो नेगीला हाका मारत होता.

"नंतर मी ड्युटी केली साहेब," तो म्हणाला. "चांगली केली. कोणाला काय कळलं नाय." पुढच्या सुट्टीत घरी आला आणि रात्री बायकोने आतून कडी लावली, तेव्हा त्याने ती लाथेने तोडली. तिथून सुरू झालं. पुढे इस्पितळ, मग बोर्ड. त्या पहिल्या बोर्डाने त्याला न्याय दिला, हेही सांगायला हवं. टक्के बऱ्यापैकी दिले आणि आजार नोकरीमुळे झाला असं मान्य केलं. फक्त काही वर्षांनी पुन्हा तपासणी, अशी अट होती. या आजारात माणूस सुधारू शकतो, म्हणून.

आणि दिनकर खरंच सुधारला. मी फारसं काही केलं नाही. लष्करी इस्पितळातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे त्याचं जाणं चालू राहील एवढं बघितलं. बाकी सगळं सुरेखाने केलं. गोळ्या ती द्यायची. त्याच्या मावसभावाची नर्सरी होती, फार्महाउसवाले तिथून झाडं न्यायचे. तिथे तिने त्याला कामाला लावला. काम उघड्यावरचं, शेणखत आणि माती, कुणाशी फार बोलायला नको. त्याच्या हाताला गुण होता. गावातली माणसं आंब्याचं कलम करायचं तर त्याला बोलवायला लागली.

एक दिवस सुरेखाचा फोन आला. आवाजावरून मला वाटलं काही वाईट झालं.

"भाऊ, मागचं दार बसवलं." एव्हाना ती मला भाऊ म्हणायला लागली होती. "मला न सांगता सोताच सुताराला बोलावून आणला. मी काय बोललेच नाय, नाय तर परत काढतील."

थंडी सरता सरता पुढचंही दार बसलं. आणि एका रात्री कडी लावून घर झोपलं. दिनकर अंथरुणावर बसून होता, पण पहाटेकडे त्याचा डोळा लागला. सुरेखा म्हणाली, "मीच जागी राहिले. बघत बसले."

तपासणीचं बोलावणं आलं ते त्यानंतर. दोघं मला भेटायला कर्जतला आली. दिनकर चहा सांगायला बाहेर गेला, तेव्हा सुरेखाने खाली बघत विचारलं, "भाऊ, दार बसवलंय, ते तिकडं सांगायचं का?"

मी तिला सांगितलं ते आजही तसंच सांगेन. खोटं काही बोलायचं नाही, पण अर्धं खरंही बोलायचं नाही. दार बसवलं ते सांगायचं आणि महिन्यातून चार रात्री तो अजून पडवीत बसून काढतो, तेही सांगायचं. लग्नाच्या हॉलमध्ये शिरत नाही. गोळी चुकली की दुसऱ्या दिवशी जेवत नाही. बोर्डाला चांगला दिवस दिसतो, वाईट दिवस आपण सांगावा लागतो. दिनकर परत आल्यावर त्यालाही हे सगळं समजावलं. त्याने मान डोलावली.

तपासणीला मी सोबत गेलो. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी गुळगुळीत, बूट चमकवलेले. त्याला आत बोलावलं. सुरेखा आणि मी बाहेरच्या बाकावर. तिला आत घेतील अशी आम्हाला आशा होती, पण बोलावलं नाही. तो बाहेर आला तो हसतच.

"काय विचारलं?" मी म्हणालो.

"कैसे हो, विचारलं. मी बोललो, ठीक हूँ साहब. झोप येते का, विचारलं. मी बोललो, दरवाज़ा बंद करके सोता हूँ." त्याने माझ्याकडे बघितलं. "डॉक्टरसाहेबांनी उठून हात मिळवला, साहेब."

"आणि पडवीतल्या रात्री?"

"ते नाय विचारलं."

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. समोर एक माणूस ताठ उभा राहून सांगतो आहे की मी दार लावून झोपतो. मी असतो तरी उठून हात मिळवला असता. टक्के वीसच्या खाली आले. नोकरीच्या वर्षांचं पेन्शन राहिलं, अपंगत्वाचं बंद झालं.

अपील करायला मुदत असते. मी कागद तयार करून त्याच्या घरी गेलो. सही कुठे करायची त्या जागी खूण केली. दिनकरने कागद हातात घेतला, वाचला आणि परत दिला.

"नको साहेब."

"अरे, हे हक्काचं आहे. भीक नाही."

"तसं नाय. ह्याच्यात लिवलंय मी आजारी हाय." तो शब्द शोधून शोधून बोलत होता. "इतकी वर्षं सगळ्यांनी तेच लिवलं. आता पहिल्यांदा एक डॉक्टर बोलला, सुधारलास. ते मीच जाऊन खोडू?"

मी सुरेखाकडे बघितलं. ती बाजू घेईल असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "राहू द्या भाऊ. त्यांना बरं वाटतंय ना. मी बघते काय ते." आठवड्याभरात ती जवळच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला जायला लागली. मुदत निघून गेली. तो कागद मी फाडला नाही, पण कुणाला दाखवलाही नाही.

मला मनातून वाटत होतं की तो चुकला. आणि त्याच वेळी त्याच्याबद्दल जो आदर वाटत होता, तो माझ्या नोकरीत बसण्यासारखा नव्हता.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या गावाच्या वर असलेल्या ठाकर आदिवासींच्या वाडीत एका घरामागची दरड खचली. डोंगर कोसळला वगैरे नाही. एकच घर, कुडाचं, चिखलाखाली गेलं. आत एक म्हातारी होती. घरातली बाकीची माणसं लावणीला गेली होती. गावातली माणसं कुदळ-फावडी घेऊन धावली, त्यांत दिनकर होता. तिथे जे झालं ते मला तीन-चार जणांनी सांगितलं आणि सगळ्यांनी सारखंच सांगितलं. दिनकरने पहिल्यांदा सगळ्यांना फावडी खाली ठेवायला लावली आणि गप्प बसवलं. चिखलावर पालथा पडून कान लावला. आतून आवाज आला. मग त्याने माणसं दोन बाजूंनी लावली, हातांनी माती काढायला सांगितलं आणि स्वतः तसाच पडून म्हातारीशी बोलत राहिला.

"आजी, नातवंडं किती? नावं सांग. बोलत राहा, आजी, थांबू नको."

म्हातारीने नातवंडं सांगितली, मग शेळ्या सांगितल्या, मग सुनेच्या तक्रारी सांगितल्या. आणि मध्येच तिचा आवाज थांबला. लोक म्हणतात, त्या वेळी दिनकरने जी हाक मारली, ती खालच्या गावात ऐकू गेली. काही वेळाने आतून कण्हण्याचा आवाज आला. म्हातारी जिवंत निघाली, पाय तेवढा मोडला होता. नंतर मी तिला इस्पितळात भेटलो. ती म्हणाली, "मला झोप आलती. आन ह्यो बाबा झोपू देत नव्हता."

ग्रामपंचायतीने दिनकरचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भाषणं. मी हजर होतो. पंचायतीचा हॉल भरला होता. तो व्यासपीठावर न बसता दाराशीच उभा राहिला. शाल तिथेच घालावी लागली. लोकांना वाटलं नम्र आहे. सुरेखा माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आठ दिस झोपले नायत, भाऊ."

महिन्याभरात दारं पुन्हा निघाली. या वेळी चौकटीही काढल्या. नर्सरीत जाणं थांबलं. गोळ्या घेईना. पूर्वी तो थोडं बोलायचा, आता 'सब ठीक है'सुद्धा बोलत नव्हता. सुरेखाने स्वतःहून फोन करून सांगितलं, "आता तो कागद करा."

मी नव्याने अर्ज केला. पुढे जे झालं ते सांगताना मला अजून शब्द जपून वापरावे लागतात. कुणी हलकटपणा केला असं नाही. एका टेबलावर मला विचारलं गेलं, इतकं धाडसाचं काम करणारा माणूस आजारी कसा? दुसऱ्या टेबलावर उलटा प्रश्न आला. आजारी आहे हे मान्य, पण हा आजार तर दरडीने झाला, त्यात फौजेचा काय संबंध? दोन्ही प्रश्न नियमाला धरून होते. मी उत्तर लिहिलं, की गाडलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, हे दिनकर कुठे शिकला ते त्याच्या पहिल्या बोर्डाच्या नोंदीत आहे. म्हातारीचा आवाज थांबला, तेव्हा त्याला कुणाचा आवाज आठवला असेल, तेही तिथेच आहे. आणि खाली दोन विनंत्या केल्या. बोर्डाने बायकोचं म्हणणं ऐकावं आणि या माणसाला पुन्हा पुन्हा तपासणीला बोलावू नये, जो काही निर्णय होईल तो कायमचा करावा. या दुसऱ्या विनंतीसाठी मी बराच झगडलो. मागच्या तपासणीत 'ठीक हूँ' म्हटल्याने त्या घराचं काय झालं, ते मी पाहिलं होतं.

यायला-जायला, खेटे घालायला, उत्तरं यायला जो वेळ लागायचा तो लागला. शेवटी बोर्ड बसलं. या वेळी सुरेखाला आत बोलावलं. दिनकर तिच्या शेजारी गप्प बसून होता. ती मला बाहेर येऊन म्हणाली, "बाईडॉक्टर व्हत्या. विचारलं, घरी काय त्रास देतात का? मी बोलले, त्रास नाय देत. जेवताना समोरच्या घासाकडं बघत राहतात. पोरगी शाळेतून यायला उशीर झाला तर वाटेवर जाऊन उभे राहतात, आणि ती दिसली की काय न बोलता मागं फिरतात. तिला हाक पण मारत नायत. पोरगी विचारते, बाबा माज्यावर रागावलेत का?" मग ती मला म्हणाली, "एवढंच बोलले. जास्त बोलायला पाहिजे व्हतं का?"

मी म्हणालो, पुरे झालं.

निकाल चांगला लागला. टक्के पहिल्यापेक्षा जास्त, आजार नोकरीमुळे असल्याचं मान्य, आणि मुदत कायमची. माझ्या नोकरीचा तो शेवटचा महिना होता. निवृत्तीआधी एक काम तरी तडीला गेलं, या आनंदात मी पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या घरी गेलो. सुरेखाने पेढा देवापुढे ठेवला आणि चुलीकडे वळून डोळे पुसले. दिनकर पुन्हा औषधं घेत होता, थोडंफार बोलतही होता. मी त्याला निकाल वाचून दाखवला. त्याने कागद मागून घेतला आणि बोट ठेवून स्वतः वाचला. एका जागी त्याचं बोट थांबलं.

"कायम म्हणजे काय, साहेब?"

"म्हणजे आता तुला परत बोलावणार नाहीत. तपासणी नाही, काही नाही. सुटलास."

त्याने त्या शब्दावरचं बोट काढलं नाही.

"म्हणजे आता बरं व्हायचं नाय?"

"तसं नाही रे. बरा हो की. पेन्शन कुणी काढून घेत नाही. म्हणून तर कायम करून घेतलं."

"पण बरा झालो, तर रिपोर्ट कोणाला द्यायचा?"

इतक्या वर्षांत मी टक्के वाढवायला, टिकवायला, परत मिळवायला लोकांना मदत केली. बरं झाल्याचं कुठे कळवायचं, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यासाठी कुठलंही टेबल मला माहीत नव्हतं.

"मला दे," मी म्हणालो.

"तुमी तर रिटायर होताय."

"फोन तर आहे ना."

त्याने मान डोलावली. सुरेखाने माझा घरचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून घेतला आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरखाली खिळ्याला अडकवली. मी निघालो, तेव्हा तो पायवाटेपर्यंत सोडायला आला आणि सावधान होऊन उभा राहिला.

सुरेखाचा फोन अधूनमधून येतो. पोरगी पास झाली, भात बरा आला, औषधं चालू आहेत. मी दिनकरबद्दल विचारलं, की ती म्हणते, "हाईत. बसलेत पडवीत." दिनकरचा फोन अजून आलेला नाही.